पट, ढाक आणि अर्धा तास: उचलणाऱ्या व उलथवणाऱ्या यंत्रांच्या कुस्तीचा इतिहास

(हे भागाचं शब्दांकन आहे. अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलंय. बाकी भाषा बोललो तशीच ठेवलीय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. मंगळवारी रात्री ऑफिसचा कॉल संपवून बसलो होतो, तेवढ्यात इस्लामपूरहून एका ज्युनियर पोराचा मेसेज आला. मागे ग्राइंडरचा आवाज. "दादा, आमचा लिफ्टर तयार झालाय. पंधरा किलोचा. पण गटवारी लागली आणि पहिलीच मॅच फ्लिपरबरोबर आलीय. त्यांचे व्हिडिओ बघितले. गडी समोरच्याला डोक्याइतका उंच फेकतोय. आता काय करायचं?"

पाच पोरं, सगळ्यांनी वर्गणी काढलेली, एकाने सुट्टीत केलेल्या कामाचा पगार घातलेला. यंत्र एकच. स्पेअर मोटार एकच. शनिवारी मॅच. मी कोडिंग करून पोट भरणारा माणूस, रोबोट सोडून मला बरीच वर्षं झाली. पण 'शुभेच्छा' असं लिहून अंगठा दाखवणं काही बरं वाटलं नाही. म्हणून म्हटलं, आधी हा झगडा आला कुठून ते बघू. उत्तर बहुतेक तिथेच सापडेल.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोबोवॉर म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या दोन यंत्रांची, जाड पारदर्शक भिंतींच्या आखाड्यात होणारी लढत. साधारण तीन मिनिटांची. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत टेकफेस्ट १९९८ पासून भरतो, तिथल्या रोबोवॉरला होणारी गर्दी ज्याने बघितलीय त्याला वेगळं सांगायला नको. यात लिफ्टर म्हणजे उचलणारा. त्याचा हात मोटारीवर, गिअरवर चालतो. हळू उचलतो, पण धरून ठेवतो. फ्लिपर म्हणजे उलथवणारा. त्याच्या पोटात दाबाखालचा वायू भरलेला असतो. बटण दाबलं की झाकणासारखी पाटी फाडकन वर येते आणि वर जे असेल ते उडतं.

आता इतिहास. हा खेळ लोकांसमोर नीट मांडला मार्क थॉर्प या माणसाने. तो चित्रपटांसाठी मॉडेल बनवणारा कारागीर. रिमोटवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर बनवायच्या नादात त्याला ही कल्पना सुचली आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली 'रोबोट वॉर्स' स्पर्धा झाली. पुढे १९९८ मध्ये त्याच नावाची मालिका बीबीसीवर सुरू झाली आणि खेळ घराघरांत गेला.

त्याच वर्षी सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेची अंतिम लढत आपल्या पोरांनी बघायलाच हवी. एका बाजूला रेक्स गॅरॉड यांचा कॅसियस. हवेच्या दाबावर चालणारा फ्लिपर. उलटा पडला तर त्याच पाटीने जमिनीला धक्का देऊन पुन्हा सरळ व्हायचा. तोवर उलटं पडलं म्हणजे संपलं असाच समज होता, त्यामुळे प्रेक्षक वेडे झाले होते. दुसऱ्या बाजूला वेल्सच्या किम डेव्हिस यांचा पॅनिक अटॅक. साधा चौकोनी डबा, पुढे उचलायचे काटे, गोदामात फोर्कलिफ्टला असतात तसे. दिसायला काहीच नाही. लढत संपली तेव्हा कॅसियस आखाड्यातल्या खड्ड्यात होता आणि पॅनिक अटॅक विजेता.

थोडक्यात, लिफ्टरने फ्लिपरला हरवायची गोष्ट नवीन नाही. ती पंचवीस वर्षांहून जुनी आहे.

पण लगेच खूश होऊ नका. पुढच्या दोन मालिका, म्हणजे तिसरी आणि चौथी, केऑस २ नावाच्या फ्लिपरने जिंकल्या. जॉर्ज फ्रान्सिस यांचं यंत्र. त्याने फायरस्टॉर्मला उचलून थेट आखाड्याच्या भिंतीबाहेर टाकलं. तिसऱ्या मालिकेच्या अंतिम लढतीत समोर हिप्नो-डिस्क होती, फिरत्या चकतीने समोरच्याचे तुकडे करणारी. तिलाही केऑसने उलटी केली. तिकडे अमेरिकेत मात्र कार्लो बर्टोकिनी यांचा बायोहॅझर्ड हा लिफ्टर 'बॅटलबॉट्स'च्या हेवीवेट गटात पुन्हा पुन्हा विजेता होत होता. जेमतेम चार इंच उंचीचं सपाट यंत्र, चारी बाजूंनी बिजागरीवर जमिनीला घासणारे टायटॅनियमचे पत्रे. समोरच्याला खाली घुसायला फटच सापडायची नाही. २००१ मध्ये त्याला सन ऑफ व्हायाची या फिरत्या शस्त्राच्या यंत्राने हरवलं. त्या वेळी पहिला घाव बसला तो त्या पत्र्यांवरच.

एकाच काळात इंग्लंडमध्ये फ्लिपर राजा आणि अमेरिकेत लिफ्टर राजा, असं का झालं? मला वाटतं आखाडा आणि नियम हे त्याचं मोठं कारण. इंग्लंडमध्ये भिंतीवरून बाहेर पडलं की हार, त्यामुळे फेकण्याला सोन्याचा भाव. अमेरिकेतला आखाडा वरूनही बंद पेटीसारखा. तिथे उंच उडवून टाळ्या मिळतील, पण समोरचा परत जमिनीवर येणार आणि परत लढणार. मग धरून ढकलणारा सरस ठरतो. यंत्र तेच, नियम बदलले की त्याची किंमत बदलते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

पंधरा किलोचं यंत्र एक मीटर उंच फेकायला साधारण १४७ ज्यूल ऊर्जा लागते. फ्लिपर हे सेकंदाच्या दहाव्या भागात करतो असं धरू. म्हणजे त्या क्षणापुरती जवळजवळ दीड किलोवॅट शक्ती. आपल्या भाषेत, विहिरीवरची दोन एचपीची मोटार. ती शक्ती एका ताटाएवढ्या पाटीखाली. लिफ्टर काय करतो? तो समोरच्याची एकच बाजू उचलतो. म्हणजे भार निम्मा, साडेसात किलो. वीस सेंटिमीटर उचलायला १५ ज्यूलसुद्धा लागत नाहीत. फ्लिपरच्या एक दशांश. अर्ध्या सेकंदात उचललं तरी तीस वॅट पुरे.

मग तीस वॅटचा गडी दीड किलोवॅटला कसा पुरा पडतो? याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे पकड. लिफ्टरने समोरच्याची एक बाजू उचलली की तो साडेसात किलो भार लिफ्टरच्या चाकांवर येतो. लिफ्टरची चाकं आता साडेबावीस किलोने जमिनीला चिकटलेली, समोरच्याची उरलेली चाकं साडेसात किलोवर. एकास तीन. आता ढकलाढकली झाली तर कोण जिंकणार हे सांगायला बीटेक लागत नाही.

दुसरं म्हणजे श्वास. फ्लिपरच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड असेल तर वीस अंश तापमानाला आतला दाब ५७ बारच्या आसपास असतो. भराभर वायू काढला की आतला द्रव उकळतो, उष्णता बाटलीतूनच ओढतो आणि बाटली गार पडते. शून्य अंशाला दाब उरतो ३५ बार. वडापावच्या गाड्यावर मोठा बर्नर तासभर चालला की गॅसची टाकी बाहेरून दवाने ओली होते, बघितलंय ना? तेच. साधी दाबलेली हवा असेल तर हिशोब आणखी सोपा, प्रत्येक फटक्याला टाकी रिकामी होत जाते. पहिल्या मिनिटाला डोक्याएवढं उडवणारा तिसऱ्या मिनिटाला गुडघ्याएवढं उडवतो. व्हिडिओत तुम्हाला पहिल्या मिनिटाचेच फटके दाखवतात, कारण इन्स्टाग्रामवर तेच चालतात.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं. पण माझ्या आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, ते न शिकताच माहीत होतं. आबा तरुणपणी तालमीत जायचे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मी त्यांना मोबाईलवर आमच्या मॅचचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, "तुमचा गडी लई ताठ उभा हाय. खाली कोण घुसतंय ते बघावं आधी. वरचं मग."

आपल्या भागाला ही भाषा नवी नाही. इस्लामपूरहून पूर्वेला गेलात की कुंडल लागतं. कुंडलचं कुस्ती मैदान साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आणि त्याच्या शेजारीच किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना उभा केला आणि तिथून लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. एका हाकेच्या अंतरावर लाल माती आणि लोखंड. यंत्रांची कुस्ती आपल्याकडे कधीतरी यायचीच होती.

कुस्तीत लिफ्टरचा डाव म्हणजे पट. वाकून घुसायचं, पाय धरायचा, एकेरी नाहीतर दुहेरी, आणि जमिनीवरून सोडवायचा. उंच उचलायची गरज नाही, पायाखालची माती गेली की समोरचा निम्मा संपला. फ्लिपरचा डाव म्हणजे ढाक. मान आणि हात कवेत घ्यायचे आणि एका झटक्यात समोरच्याला अंगावरून फेकायचं. बसली तर लढत तिथेच संपते. हुकली तर फेकणाराच उघडा पडतो. फ्लिपरचं नेमकं तसंच. फटका हुकला की पाटी वर उघडी राहते आणि ती खाली बसेपर्यंत त्याचं पोट तुमच्यासमोर असतं.

ढाक म्हटलं की आपल्या भागात एकच नाव येतं, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. इस्लामपूरहून गाडीने पाऊण तास. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण सगळे शाळेत एवढंच शिकतो. मला आज त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सांगायचंय.

अलीकडचं असं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. लाल मातीतला पैलवान, समोर मॅट. मातीत नियम एक, पाठ टेकवा. मॅटवर गुण, वेळ, पंच, सगळं वेगळं. तरी सहावे आले. नंतर चार वर्षं त्यांनी तयारी केली ती त्या वेगळ्या नियमांची. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. वर्गणी काढून यंत्र बांधणाऱ्या पोरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पलीकडचं असं. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीबरोबर खाशाबांची लढत झाली. लांबलेली, दमवणारी. ती ते हरले, आणि इशीला पुढे सुवर्ण मिळालं. त्यानंतर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, नियम होता. पण ते ठणकावून सांगायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

त्या अर्ध्या तासाने रंग बदलला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता. डाव येत होते, दम होता, चार वर्षांचा घाम होता. नियमपुस्तक हातात घेऊन हात वर करणारा माणूस नव्हता.

ही गोष्ट मला एवढी का लागते, ते सांगतो. आमची टीम एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेत उतरली होती. नाव नको. आमचाही लिफ्टरच. पहिली मॅच जिंकलो. नियमात दोन मॅचमध्ये वीस मिनिटं होती, बॅटरी बदलायला आणि दुरुस्तीला. दहाव्या मिनिटाला आमचं नाव पुकारलं. बॅटरी अर्धी, हाताचा एक बोल्ट ढिला. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. सगळं इंग्रजीत चाललेलं, समोरची पोरं फाडफाड बोलणारी, आणि आपण गावाकडचे. "आता काय बोलायचं, चल उतरू," असं म्हणून उतरलो. दुसऱ्या मिनिटाला हात अर्ध्यावर अडकला आणि आमचा लिफ्टर आखाड्यात फिरणारा डबा झाला. हरलो.

परतीच्या एसटीत कोणीतरी नियमांची पीडीएफ उघडली. वीस मिनिटं. स्पष्ट लिहिलेलं. सातव्या पानावर. आम्ही यंत्राचा प्रत्येक बोल्ट मोजला होता, सातवं पान वाचलं नव्हतं. आणि खरं सांगू? वाचलं असतं तरी त्या दिवशी आमच्यातल्या कोणी हात वर केला असता का, याची मला आजही खात्री नाही.

तर पोरांनो, आता तुमच्या शनिवारबद्दल.

एक, समोरून जाऊ नका. फ्लिपरची धार समोर असते, चाकं बाजूला. तुमचे काटे त्याच्या चाकाशेजारी घुसले पाहिजेत. आणि काट्यांची टोकं जमिनीला टेकतात का ते कागद सरकवून बघा. कागद खालून गेला तर फ्लिपरही जाईल.

दोन, त्याचे फटके वाया घालवा. अर्धं पाऊल पुढे जा, मागे या. समोरच्याचं बोट बटणावर शिवशिवत असतं. फटका हवेत गेला की पाटी खाली बसायच्या आत घुसा. तुमच्यातल्या एकाने फक्त फटके मोजायचे आणि ड्रायव्हरला मोठ्याने सांगायचे. दुसरं काही बोलायचं नाही.

तीन, उंच उचलायचा मोह नको. चाकं सुटली की थांबा आणि भिंतीकडे चला. तुमचं वजन पंधरा, गुरुत्वमध्य पुढच्या चाकाच्या पंधरा सेंटिमीटर मागे असेल तर तुमच्या बाजूने २२५. समोरच्याचा अर्धा भार चाकापुढे दहा सेंटिमीटरवर, म्हणजे ७५. काही अडचण नाही. पण त्याचा सगळा भार वीस सेंटिमीटरवर घेतलात तर ३००. तुम्हीच नाकावर पडाल. उसाची मोळी अंगाजवळ धरून उचलतात, हात लांब करून नाही.

चार, तुम्ही उलटणार आहात. एकदा तरी. त्यात लाज नाही. कॅसियसचं गाजलेलं तंत्र तेच होतं. तुमचा उचलायचा हात मागे फिरवून यंत्र सरळ होतं का, उजवीकडून वीस वेळा, डावीकडून वीस वेळा करून बघा. उद्या सकाळी, मला व्हिडिओ पाठवायच्या आधी.

पाच, आखाडा बघा. खड्डा आहे का, भिंतीवरून बाहेर पडता येतं का. भिंती बुटक्या असतील तर कडेला अजिबात रेंगाळू नका, फ्लिपरला तेच हवं असतं. वरून बंद असेल तर मधे दमवा आणि कडेला न्या. आणि समोरची टीम हे ऐकत असेल तर तुम्हालाही सांगतो, मित्रांनो: चाकं पाटीवर आल्याशिवाय बटण दाबू नका. आता बरोबरी झाली.

सहा, आणि हे पहिल्या पाचांपेक्षा मोठं. नियमपुस्तक आज रात्री छापून घ्या. धरून ठेवायला किती सेकंद आहेत, दोन मॅचमध्ये किती वेळ आहे, पंचांचे गुण कशाला आहेत, यावर पेनने खुणा करा. तुमच्यातला एक जण यंत्राला हात लावणार नाही. त्याचं काम एकच, वेळ धरायची आणि गरज पडली की हात वर करायचा. मराठीत बोला, हिंदीत बोला, मोडक्या इंग्रजीत बोला. पानाचा नंबर सांगितला की भाषा कोणी विचारत नाही.

खाशाबा कराडला परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. हजारो माणसं स्वागताला. त्यातला एक जण त्या दिवशी हेलसिंकीत मॅटच्या कडेला हवा होता, घड्याळ घेऊन.

शनिवारी तुमच्या बाजूला तो माणूस कोण असणार, हे आजच ठरवा. मला नाव कळवा. मॅचचा निकाल नंतर कळवला तरी चालेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ग्राइंडर चालवताना चष्मा लावा रे.